जुनी ऑटोमॅटिक गाडी घेताय? आधी गिअरबॉक्सची जात ओळखा



या पानावर मी एरवी डाऊनी, भुरी, माती परीक्षण नाहीतर ठिबक यावर लिहितो. आज गाडीवर लिहितोय. गाडी हा काही माझा विषय नव्हे, माझी पदविका शेतीची. पण हल्ली बांधावर गेलो की लोक पिकाइतकेच गाडीबद्दल विचारतात. शिवाय आमच्याकडच्या एका बागायतदाराचे जे झाले ते मी डोळ्यांनी पाहिले, म्हणून लिहायला बसलो.

या बागायतदारांना आपण तात्या म्हणू. वय साठीच्या पुढे, डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, पण क्लच दाबणे सोडा. आता तासगावला बेदाण्याच्या सौद्याला जायचे, औषधाच्या दुकानात जायचे, सोसायटीत जायचे, तर दरवेळी कुणाला तरी 'सोडतोस का रे' म्हणायची पाळी. ज्या माणसाने चाळीस वर्षे स्वतः जीप चालवली त्याला हे किती लागत असेल! मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने मित्राच्या ओळखीने एक जुनी ऑटोमॅटिक गाडी बघितली. एकाच मालकाची, पांढरी, पन्नास हजार किलोमीटर चाललेली. बेदाण्याचे पैसे नुकतेच हातात आले होते. ४ लाख ६० हजार मोजले आणि एप्रिल २०२४ मध्ये गाडी दारात आली.

तीन आठवडे गाडी झकास चालली. तात्या स्वतः चालवत मिरजेला जाऊन आले. मग मे महिन्यात वळीव झाला आणि बागेतून परत येताना गाडी पाणंदीत रुतली. काळी माती, तुम्हाला माहीतच आहे. अर्धा तास तात्यांनी रेस करून बघितली, पण चाके जागेवरच फिरत राहिली. शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणला, दोर बांधला आणि गाडी चांगली सहा किलोमीटर टोचन करून घरी आणली. तेव्हा दांडा कुठल्या गिअरवर होता ते आज कोणालाच आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला, "सायेब, इंजान चालू हाय, पर गाडी जाग्यावरनं हालंना."

सांगलीच्या एका गॅरेजात गिअरबॉक्स उतरवला. तेल काळे पडून जळका वास मारत होते. आतल्या पट्ट्याला आणि पुलीला चरे पडलेले. खर्चाचा अंदाज १ लाख ४० हजार, सामान पुण्याहून, मुदत पाच आठवडे. मी मेस्त्रीला विचारले, हे चिखलात झाले की आधीचेच दुखणे होते? तो म्हणाला, दोन्ही असू शकते, आता सांगता यायचे नाही. तात्यांना, मुलाला आणि गाडी दाखवणाऱ्या एजंटाला एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे गाडी 'ऑटोमॅटिक' आहे. कसली ऑटोमॅटिक, हे तिघांपैकी कुणीच विचारले नव्हते.

नाव एक, जाती चार

'द्राक्ष' म्हटले की आपण लगेच विचारतो, थॉमसन का सोनाका का माणिक चमन? कारण छाटणी वेगळी, फवारणी वेगळी. ऑटोमॅटिक गाडीचेही तसेच आहे. दोन पेडल दिसले, क्लच नाही दिसला की आपण ऑटोमॅटिक म्हणतो. पण आत चार निरनिराळी यंत्रे असू शकतात.

आपल्याकडे जुन्या बाजारात सर्वात जास्त मिळते ती एएमटी. हिच्यात नवे असे फार काही नाही. नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तुमच्या हातापायाच्या जागी एक छोटे यंत्र आणि त्याला हुकूम देणारा कॉम्प्युटर बसवलेला असतो. भारतात फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ गाडीला हे बसवले आणि मग ऑल्टो, वॅगन आर, टाटाची टियागो, रेनॉची क्विड असे करत ते स्वस्त गाड्यांत पसरले. मारुती त्याला एजीएस म्हणते, दुसरी कंपनी दुसरे नाव देते. ओळखायची खूण म्हणजे दांड्यावर बहुधा 'पी' हे अक्षर नसते. आर, एन, डी आणि बाजूला एम एवढेच. क्विडला तर दांडाही नाही, गोल बटण आहे. गिअर बदलताना गाडी किंचित डोके हलवल्यासारखी अडखळते. तो तिचा स्वभाव आहे, तो दोष नव्हे.

दुसरी टॉर्क कन्व्हर्टर. ही ऑटोमॅटिकची सर्वात जुनी, मुरलेली जात. हिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट नसते, तेल असते. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. तसेच हे, वाऱ्याच्या जागी तेल. चालवायला मऊ, चढाला दमदार, इंधन जरा जास्त खाते. इनोव्हा क्रिस्टाची ऑटोमॅटिक, डिझेल क्रेटाची ऑटोमॅटिक, एर्टिगाची ऑटोमॅटिक या या जातीच्या.

तिसरी सीव्हीटी, म्हणजे तात्यांची. ही समजायला सर्वात सोपी, कारण ती तुमच्या घरात उभी आहे. ॲक्टिव्हा घ्या नाहीतर पूर्वीची कायनेटिक होंडा आठवा. गिअर नाहीत, दोन पुल्या आणि एक पट्टा. पुली कमी-जास्त रुंद होते आणि वेग बदलतो. स्कूटरला रबरी पट्टा, गाडीला तेलात बुडालेला पोलादी पट्टा, एवढाच फरक. रस्त्यावर ही सर्वात गुळगुळीत. पण पट्टा एकदा पुलीवर घसरायला लागला की दोन्ही खराब करतो. चिखलात रुतून रेस केली, वर्षानुवर्षे तेल बदलले नाही, की हेच होते.

चौथी डीसीटी. हिला दोन क्लच. एक १, ३, ५ या गिअरचा आणि दुसरा २, ४, ६ चा. एक गिअर चालू असताना पुढचा तयार असतो, म्हणून पळते फार सुरेख. पण यातल्या कोरड्या क्लचच्या गाड्या गर्दीत मुंगीच्या चालीने चालवल्या की तापतात. फोक्सवॅगनने मार्च २०१३ मध्ये चीनमध्ये ३ लाख ८४ हजारांवर गाड्या याच प्रकारच्या गिअरबॉक्सच्या दोषापायी परत बोलावल्या होत्या. दुरुस्ती लाखाच्या पुढे जाते. मुदतीतली वॉरंटी शिल्लक असल्याशिवाय जुनी डीसीटी गावाकडे आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कुणाला राग आला तरी चालेल.

आता गंमत बघा. गाडीच्या नावावरून जात कळत नाही. बलेनो २०२२ पूर्वीची ऑटोमॅटिक असेल तर ती सीव्हीटी आणि २०२२ नंतरची एएमटी. होंडा सिटी २००८ ते २०१३ ची घेतली तर टॉर्क कन्व्हर्टर आणि २०१४ पासूनची घेतली तर सीव्हीटी. पोलो २०२० पूर्वीची टर्बो पेट्रोल असेल तर डीसीटी, त्यानंतरची टॉर्क कन्व्हर्टर. २०२० च्या क्रेटात तर पेट्रोलला एक, डिझेलला दुसरी आणि टर्बोला तिसरी. तेव्हा फोनवरच विचारा, सन कुठला, इंजिन कुठले, गिअरबॉक्स कुठला. विकणाऱ्याला सांगता आले नाही तर चासी नंबर मागून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारा.

बॉनेटवर हात ठेवा

तात्यांची पहिली गाडी दुरुस्त होऊन मुलाने पुण्यातच वापरायला घेतली, ती तिथल्या डांबरावर अजून चालते. तात्यांसाठी दुसरी बघायची ठरली तेव्हा "या वेळी तुम्ही सोबत चला" म्हणाले. मी ओळखीच्या एका फिटरला बरोबर घेतले. पुढचे जे लिहितो ते बरेचसे त्याच्याकडून शिकलेले आहे.

पहिली गाडी एका व्यापाऱ्याच्या आवारात होती. टॉर्क कन्व्हर्टरची सेडान, धुऊन-पुसून अगदी नवरीसारखी सजवलेली. फिटरने आधी काही न बोलता बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम. आम्ही येण्याआधी अर्धा तास गाडी चालू ठेवलेली होती. का? तर रात्रभर थंड पडलेला गिअरबॉक्स पहिल्या पाच मिनिटांत आपले दुखणे बोलून दाखवतो, गरम झाला की काही दुखणी लपतात. उलटही असते. काही दुखणी तेल पातळ झाल्यावर, वीसेक किलोमीटर चालवल्यावरच बाहेर येतात. म्हणून गाडी दोन्ही वेळा बघायची, थंड आणि गरम. बैल बाजारात आपण जनावर उभे बघून सौदा करत नाही, चढाला चालवतो, वळवून बघतो, दात बघतो. मग लाखाच्या गाडीला पाच मिनिटांची फेरी कशी पुरेल?

तरी फिटरने तिथेच एक साधी तपासणी केली. ब्रेक घट्ट दाबून दांडा एन वरून डी वर, परत एन, मग आर वर. दरवेळी मनात एक-दोन मोजायचे. चांगल्या गाडीत गिअर एका मोजणीच्या आत हळूच बसतो. इथे दोन मोजून झाले, मग खालून 'धप्प' असा आवाज आला. तेलाची पट्टी होती, ती काढून पांढऱ्या कागदावर पुसली. हे तेल नवे असताना लाल, पारदर्शक असते. कागदावर चहासारखा डाग पडला आणि करपल्याचा वास. (बऱ्याच नव्या गाड्यांना ही पट्टीच नसते. तिथे सर्व्हिस बुकात तेल कधी बदलले ते बघावे. 'आयुष्यभर तेल बदलायला नको' असे कुणी सांगितले तर कंपनीची पुस्तिका उघडून दाखवा म्हणावे.) व्यापारी म्हणाला, "अहो, तेल बदलून देतो की!" आम्ही उद्या सकाळी सातला गाडी थंड असताना येतो म्हटले. तर म्हणे उद्या गिऱ्हाईक येणार आहे. आम्ही नमस्कार करून निघालो. तात्या वाटेत म्हणाले, "गेल्या वेळी मी कागद न्हाय, मोबाईलवरचा फोटो बघून पैसे दिले." यावर मी काय बोलणार?

दुसरी गाडी मिरजेत एका निवृत्त शिक्षकांची होती. एएमटी, पेट्रोल, सहा वर्षांची. सकाळी साडेसहाला गेलो. बॉनेट थंडगार. दार उघडल्याबरोबर पुढून घुर्र असा बारीक आवाज आला. मी दचकलो, फिटर हसला. या गाडीचा क्लच दाबणारा पंप दार उघडले की तेलाचा दाब तयार करतो, त्याचा तो आवाज. आवाज दोन-तीन सेकंदांत थांबला तर ठीक. थोड्या थोड्या वेळाने परत परत येत राहिला तर दाब गळतोय असे समजावे.

मग चढ. एएमटीची खरी परीक्षा चढावर. उड्डाणपुलाच्या मध्यावर गाडी ब्रेकवर थांबवली, ब्रेक सोडून हळू ॲक्सिलरेटर दिला. चांगली गाडी जराशी मागे सरकून पुढे निघते. क्लच झिजला असेल तर इंजिन ओरडते, गाडी थरथरते आणि जळक्या क्लचचा वास येतो. तो वास ट्रॅक्टरवाल्यांना नव्याने सांगायला नको. आमची गाडी निघाली, पण थोडी थरथरली. पहिल्यावरून दुसऱ्यावर जातानाही नेहमीपेक्षा जास्त झटका. फिटर म्हणाला, क्लच प्लेट साठ-सत्तर टक्के गेलीय, गिअरबॉक्स चांगला आहे.

त्यानंतर वीस किलोमीटर फिरलो. सपाट रस्त्यावर एकदम ॲक्सिलरेटर दाबून बघितला, गाडी लगेच खालचा गिअर घेते का. मागे घेऊन बघितली. परत येऊन फिटरने डॅशबोर्डच्या खालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. निघण्यापूर्वीही एकदा लावला होता. दोनदा का, तर काही लोक विकण्याआधी कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड पुसून टाकतात. पुसलेले कोड थोडे चालवल्यावर परत उगवतात, हरळीसारखे. इथे काही उगवले नाही.

सीव्हीटी बघत असाल तर थोडे वेगळे कान लागतात. तिच्यात इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो, हे तिचे नेहमीचे वागणे. पण वेगाबरोबर वाढत जाणारा घुंई असा आवाज, किंवा वीस-तीसच्या वेगात गाडीने थरथरणे, हे पट्ट्याचे किंवा बेअरिंगचे दुखणे. तिथून मागे फिरावे.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये सांगली-कोल्हापुरात किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते आपण सर्वांनी पाहिलेय. विमा कंपन्यांनी निकाली काढलेल्या अशा गाड्या लिलावात जातात, धुऊन परत बाजारात येतात. ऑटोमॅटिकला पूर जास्त बाधतो. गिअरबॉक्सला हवा जाण्यासाठी जी नळी असते तिच्यातून पाणी आत जाते आणि कॉम्प्युटरचे सांधे गंजतात. दोष वर्षभराने उठतो. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, खालच्या टोकाला मातीची रेघ राहते, ती सहसा कुणी धूत नाही. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज, गालिच्याखाली कुबट वास, दिव्यांच्या काचेत वाफ, हेही बघा. आणि विम्याचे जुने क्लेम मागा.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. ब्रेकच्या पेडलचे रबर आणि स्टिअरिंगची कड आकड्यापेक्षा खरे बोलतात. ऑटोमॅटिकमध्ये सारा भार दोनच पेडलवर असतो. तीस हजार चाललेल्या गाडीचे ब्रेकरबर गुळगुळीत झालेले असेल तर काय समजायचे ते समजा.

फेरफार झाल्याशिवाय जमीन आपली होत नाही

शिक्षकांनी साडेतीन लाख सांगितले होते. क्लच प्लेट बदलायचा खर्च वजा करून ३ लाख २५ हजारांना ठरले. तात्या खिशातून विसाराचे पैसे काढू लागले, त्यांना थांबवले. आधी कागद.

ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना (आता ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण जिभेला सवय नाही) हे चटकन कळेल. सात-बारावर जसा सोसायटीचा बोजा असतो तसा आरसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटले तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. मग खरेदीचे म्हणून फॉर्म २९ आणि ३०. २९ म्हणजे विकणाऱ्याची वर्दी, ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचे, असा कायदा आहे.

पण होते काय, एजंट दोघांच्या सह्या कोऱ्या फॉर्मवर घेतो आणि 'करतो की' म्हणतो. वर्ष जाते. इथे विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका निकालात सांगितले की, गाडी हातोहात चार जणांकडे गेली तरी कागदावर ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच अंगावर. म्हणजे विकणाऱ्याने पैसे मोजून घेतले तरी त्याची सुटका नाही. घेणाऱ्याचे काय? विमा जुन्या माणसाच्या नावावर राहिला आणि गाडी ठोकली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई कंपनी नाकारू शकते. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करा. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. हप्ता थोडा वाढेल, त्यावर विक्रेत्याशी भांडू नका.

व्यापाऱ्याकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र लागते. ते भिंतीवर कुठे लावलेय ते विचारा. ई-चलनाचा दंड बाकी आहे का ते मोबाईलवर लगेच दिसते. आणि स्वस्त मिळते म्हणून दिल्लीकडची गाडी उचलणार असाल, तर तिकडचा ना-हरकत दाखला, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सारे हिशेबात धरा, मग स्वस्त वाटते का बघा.

घेण्यापूर्वी स्वतःला विचारा

क्लच प्लेट बदलायचे काम आमच्या गावच्या मेस्त्रीला येते. तात्या म्हणाले, इथेच करू. पण एएमटीत प्लेट बदलल्यावर नवा क्लच किती दाबायचा आणि कुठे धरतो हे कॉम्प्युटरला स्कॅनर लावून शिकवावे लागते. न शिकवता चालवली तर महिनाभरात नवी प्लेटही जाते. म्हणून काम मिरजेत स्कॅनर असलेल्या गॅरेजातच केले. गाडी घेण्याआधी विचारायचा प्रश्न हा, की या जातीचे काम करणारा सर्वात जवळचा माणूस किती किलोमीटरवर आहे? ज्याचे दोन्ही गुडघे शाबूत आहेत, रोजचे जाणे पाणंदीने आहे आणि असे गॅरेज पन्नास किलोमीटरवर आहे, त्याने साधी गिअरची गाडीच घ्यावी. तात्यांसारख्याची गोष्ट वेगळी. त्यांना ऑटोमॅटिक म्हणजे चैन नव्हे, पाय आहेत.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना आणखी एक सूचना. आपल्या डाव्या पायाला क्लच दाबायची सवय. ऑटोमॅटिकमध्ये तिथे रुंद ब्रेक असतो. गाडी थांबवताना सवयीने डावा पाय जोरात खाली गेला की मागची माणसे पुढच्या काचेवर. पहिले आठ दिवस डावा पाय सीटखाली ओढून बसा. गाडी मोकळ्या मैदानात शिका, अंगणात नको, अंगणात पोरे खेळतात. आणि एएमटीला 'पी' नसतो, तेव्हा उतारावर हातब्रेक घट्ट, गाडी गिअरमध्ये ठेवून बंद, आणि चाकाला दगड.

बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही, चौघे काय चाळीस जणांनी ढकलली तरी. महिनाभर उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे चालवून आणा. 'पी' असलेल्या गाडीत बॅटरी संपली की दांडा 'पी' मध्येच अडकतो. बहुतेक गाड्यांत दांड्याजवळ एक छोटी खाच असते, तिच्यात किल्ली दाबली की सुटतो. ती खाच घरी, उजेडात शोधून ठेवा.

आता टोचनाचे. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीमध्ये आतल्या भागांना तेल पोचवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी दोराने ओढली की चाके आतले भाग फिरवतात आणि त्यांना तेल मिळत नाही. दांडा 'पी' वर राहिला तर आणखी वाईट. आपल्या छोट्या गाड्यांत बहुतेक पुढची चाके ओढतात, तेव्हा पुढची चाके उचलून न्यायची, नाहीतर सबंध गाडी सपाट ट्रकवर चढवायची. रुतली असेल तर रेस करत बसू नका. उतरा, चाकापुढे पाला, तुराट्या, पोती घाला. ट्रॅक्टरने ओढायचीच तर दांडा एन वर, चिखलातून निघेपर्यंत दहा-वीस फूट, बस्स. घरापर्यंत नाही.

तात्या आता तासगावला स्वतः जातात. डिकीत जाडजूड दोरखंड होता तो त्यांनी काढून ट्रॅक्टरच्या पेटीत टाकला आहे. त्या जागी जम्पर केबल, चार रिकामी पोती आणि सपाट ट्रकवाल्याचा फोन नंबर लिहिलेला पुठ्ठा ठेवलाय. पाऊस पडला की बागेत मात्र जुन्या जीपने जातात, आणि ती नातू चालवतो.